तुळई कुशीला कां वळते?

(नभोवाणीवरील भाषण)



बुलढाणा जिल्ह्यांतील चिखलीसारख्या एखाद्या तालुक्याच्या गांवीं बाजारपेठेंतून सावकाश फेरी मारली, तर घरें बांधण्याच्या तीन पिढ्या एकमेकींच्या शेजारीं उभ्या असलेल्या दिसतात. एखाद्या जुन्या वाड्यांत अजून सागाच्या जाड तुळया आणि त्यांवर कड्यांचें माळवद असतें. त्यापलीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर टाकून त्यांवर फरशा बसविलेलें घर असतें. आणि गांवाबाहेर पडलें, कीं सोयाबीन, हरभरा, कापूस सांठविण्यासाठीं उभारलेलीं पत्र्याचीं उंच गोदामें दिसूं लागतात; त्यांत लाकूड औषधालाही नाहीं, सगळा कारभार पोलादाचा. पिढी बदलली तसतशी तुळई अधिक लांब आणि अधिक बारीक होत गेली. या बारीकपणाची एक किंमत आहे, आणि ती कोठें व कशी द्यावी लागते, तें आज आपल्याला पाहावयाचें आहे.

अशा गोदामाच्या मालकाला एक शंका येणें अगदीं स्वाभाविक आहे. वर नजर टाकली, म्हणजे मोठ्या तुळयांना मध्येंच अडकविलेले लहान लहान आडवे अँगल त्याला दिसतात. त्यांच्यावर ना पत्रा टेकलेला, ना कांहीं टांगलेलें. माल रचतांना ते आड येतात. तो विचारतो, “यांच्यावर भार कसला? कापून टाकले तर काय बिघडलें?” त्यांच्यावर भार जवळजवळ नाहीं, हें त्याचें म्हणणें खरें आहे, पण ते कापून टाकण्यासारखे आहेत, हा त्यानें काढलेला निष्कर्ष मात्र घातक आहे. भार न वाहणारी वस्तु इमारत कशी उभी ठेवते, हा या विषयांतील खरा प्रश्न होय.

प्रथम तुळई वांकते म्हणजे काय होतें, तें पाहूं. मुलांच्या दप्तरांतील एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर शाईनें जवळजवळ उभ्या रेघा ओढा, आणि तो दोन्ही टोंकांशीं धरून मध्यभागीं खालीं वांकवा. वरच्या अंगाला रेघा एकमेकींजवळ आलेल्या दिसतील, खालच्या अंगाला त्या फांकलेल्या दिसतील. म्हणजे वरचा भाग दाबला जात आहे व खालचा भाग ताणला जात आहे. मध्यें कोठें तरी एक थर असा असतो, कीं त्याला दाबही नाहीं आणि ताणही नाहीं. भाराशीं खरी झुंज द्यावयाची ती सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या थरांनीं; मधला भाग बराचसा बसून खाणारा!

हें ध्यानांत आल्यावर शिल्पज्ञांनीं मधलें पोलाद कमी केलें आणि तें वर व खालीं नेऊन ठेवलें. त्यांतून गर्डरचा परिचित आकार निघाला : वर एक आडवी पट्टी, खालीं एक आडवी पट्टी, आणि दोहोंस जोडणारा एक पातळ उभा पडदा. थोड्या पोलादांत पुष्कळ काम करून घेण्याची ही युक्ति खरोखरच नामी आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारा २०० मिलिमीटर उंचीचा आणि १०० मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा गर्डर घ्या. त्याचें वजन दर मीटरला सुमारें २५ किलो. तो उभा ठेवला असतां वांकण्यास जो विरोध करतो, त्याचा केवळ पंधरावा हिस्सा विरोध तो आडवा निजविला असतां करतो. उभ्या दिशेनें पहिलवान आणि आडव्या दिशेनें काडीपहिलवान, असें हें विचित्र शरीर आहे. सागाच्या चौकोनी तुळईंत हा भेद नव्हता. ती वजनानें जड, पण चोहोंकडून सारखीच धट्टीकट्टी. तिला कुशीला वळण्याचें सुचतच नसे.

आतां वरच्या पट्टीकडे एकटीकडे लक्ष द्या. ती सहा मीटर लांब आणि दहा-अकरा मिलिमीटर जाडीची एक पोलादी पट्टी असून तिला दोन्ही टोंकांकडून जणूं कोणी दाबीत आहे. लांब व बारीक वस्तूला टोंकांकडून दाबलें म्हणजे ती काय करते, हें प्रत्येकाला ठाऊक आहे. वेताच्या छडीवर शरीराचा सगळा भार टाकून पाहा : छडी चिरडत नाहीं, ती मध्येंच बाजूला फुगते. खांबांच्या या स्वभावाचें गणित ऑयलर या स्विस गणितज्ञानें १७४४ मध्येंच मांडून ठेवलें आहे. खांबाची लांबी दुप्पट केली, कीं त्याची ही ताकद चौथ्या हिश्शावर येते. तुळईची वरची पट्टी म्हणजे एक आडवा निजविलेला खांबच. तिलाही फुगावयाचें असतें. पण वरखालीं फुगावें तर उभा पडदा तिला घट्ट धरून बसलेला असतो. मग उरतें काय? डावी किंवा उजवी बाजू. खालच्या पट्टीला मात्र ताण असतो. ताणलेली कपडे वाळविण्याची दोरी जशी आपोआप सरळ राहूं पाहते, तशी ती जागच्या जागीं सरळ राहते. अशा रीतीनें वरची पट्टी बाजूला निघाली आणि खालची जागेवर राहिली, म्हणजे सगळी तुळई पिळली जाते. निजलेला मनुष्य कूस बदलतो तशी ती कुशीला वळते. आणि एकदां ती वळली, कीं भार तिच्या दुबळ्या अंगावर येऊन पडतो. पुढचा शेवट सांगावयास नकोच.

यांतील मर्माची गोष्ट ही, कीं पोलाद तुटण्याच्या किंवा दबून बसण्याच्या पुष्कळ आधींच हा प्रकार घडूं शकतो. धातूची ताकद शिल्लक असतांना तुळई आकारानें हार खाते.

ज्यांना हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, त्यांनीं घरींच एक प्रयोग करावा. लांब, पातळ व लवचिक अशी एक फूटपट्टी घ्यावी. पुस्तकांच्या दोन ढिगांवर तिचीं टोंकें ठेवून ती कडेवर उभी करावी, आणि टोंकें पडूं नयेत म्हणून दोन्हीकडे जड पुस्तकांचा आधार द्यावा. मग तिच्या वरच्या कडेवर मध्यभागीं बोटानें हळूहळू दाब द्यावा. थोडा वेळ ती मुळींच हालणार नाहीं. नंतर एकाएकीं बाजूला झुकून बोटाखालून निसटेल. आतां घरांतील लहान मुलाला बोलवावें आणि पट्टीची वरची कड मध्यभागीं दोन बोटांच्या चिमटींत अलगद धरावयास सांगावें. पुन्हां दाब द्या. या वेळीं पट्टी पहिल्यापेक्षां कितीतरी अधिक दाब सोसील. त्या मुलानें भार उचललेला नाहीं. त्यानें फक्त पट्टीला बाजूला जाऊं दिलें नाहीं. मघांच्या गोदामांतील तो निरुपयोगी वाटणारा अँगल म्हणजे या मुलाचीं दोन बोटें होत.

या वर्तनाचें शास्त्रशुद्ध गणित बरेंच उशिरां झालें. १८९९ सालीं जर्मनींत लुडविग प्रांट्ल यांनीं आणि ऑस्ट्रेलियांत मिचेल यांनीं, एकमेकांना न कळत, पातळ पट्टीसारख्या तुळयांसाठीं तें मांडलें. पुढें रशियांत टिमोशेंको यांनीं १९०५ च्या सुमारास गर्डरच्या आकारासाठीं तें पूर्ण केलें. प्रांट्ल यांचें नांव पुढें विमानविद्येंत गाजलें. पण त्यांचा पहिला मोठा प्रबंध या कुशीला वळणाऱ्या तुळयांवरचा होता, हें फारसें कोणास माहीत नसतें.

या गणिताचा व्यवहारांत अर्थ काय होतो, तें वर सांगितलेल्या २०० मिलिमीटरच्या गर्डरवरूनच पाहूं. तो सहा मीटरच्या गाळ्यावर टाकला आहे, टोंकें नीट धरलेलीं आहेत, पण मध्यें बाजूचा आधार मुळींच नाहीं, असें समजा. वांकविणारा जोर सर्व लांबीभर सारखा आहे हें सर्वांत कठीण गृहीत धरून भारतीय मानकाच्या रीतीनें हिशेब केला, तर त्याच्या अंगच्या पूर्ण ताकदीपैकीं शेंकडा ३५ इतकीच आपल्या उपयोगीं पडते. तोच गर्डर मध्यावर एका ठिकाणीं बाजूनें धरला, कीं ती शेंकडा ६३ पर्यंत जाते. दोन ठिकाणीं धरून सहा मीटरचे तीन सारखे भाग केले, तर शेंकडा ८०. गर्डर तोच, पोलाद तेंच. वाढले ते चार हात लांबीचे एक-दोन तुकडे. उलट बाजूनें पाहिलें, तर ज्या मालकानें ते दोन तुकडे कापले, त्यानें आपल्या तुळईची निम्म्याहून अधिक शक्ति स्वतःच्या हातानें काढून घेतली. आणि वरून पाहणाऱ्याला छतांत कांहीं फरक पडलेला दिसलाही नाहीं.

या आधाराला जोर तरी किती लागावा? सरळ असलेल्या वस्तूला सरळ ठेवण्यास फार शक्ति लागत नाहीं. उभ्या काठीला पडूं न देण्यास एक बोट पुरतें, पडलेली काठी उचलण्यास हात लागतो. भारतीय मानकांत असा दंडक आहे, कीं बाजूच्या आधारानें दाबाखालील पट्टींत असलेल्या जोराच्या शेंकडा अडीच इतका जोर सोसला पाहिजे. म्हणजे पट्टींत वीस टनांचा दाब असेल, तर आधाराची सोय अर्ध्या टनाची हवी. मोठ्या भारापुढें हा आंकडा क्षुल्लक. पण शून्य मात्र नव्हे. तारेनें गुंडाळलेला किंवा एका ठिपक्याएवढ्या वेल्डिंगवर लटकणारा तुकडा हें काम करूं शकत नाहीं. क्षुल्लक वाटणाऱ्या भागांची हयगय किती महाग पडते, याचें जुनें उदाहरण कॅनडांतील क्वेबेकच्या पुलाचें आहे. तेथें दाबाखालील प्रचंड अवयवांच्या फळ्या एकमेकींशीं जखडणारी पोलादी जाळी अशक्त ठरली, आणि २९ ऑगस्ट १९०७ रोजीं बांधकाम चालूं असतांनाच तो पूल नदींत कोसळून ७५ कामगार प्राणांस मुकले.

येथें एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. दोन तुळया मध्यें एक दांडी घालून एकमेकींस जोडल्या, म्हणजे काम झालें, असें पुष्कळांना वाटतें. पण दोघी एकाच दिशेला वळावयाचें ठरवतील तर ती दांडी काय करणार? ती बिचारी दोघींबरोबर सरकत जाईल. झोंक जाणाऱ्या दोन माणसांनीं एकमेकांच्या गळ्यांत हात घातला, तर दोघेही सोबतीनें पडतात. त्यांतील एकानें तरी भिंत धरलेली असावी लागते. म्हणून आडव्या दांड्या शेवटीं एखाद्या भक्कम भिंतीशीं बांधाव्या लागतात, नाहींतर एखाद्या गाळ्यांत तिरक्या फुलीसारख्या पट्ट्या घालून तो गाळा अढळ करावा लागतो. गोदामाच्या टोंकाच्या गाळ्यांत छपराखालीं अशी फुली तुम्हांला दिसेल. ती शोभेसाठीं नसते. सगळ्या रांगेनें धरलेली भिंत तीच होय.

जुन्या गर्डर-फरशीच्या घरांत ही विवंचना कोणी बोलून दाखविली नाहीं, कारण बांधण्याच्या पद्धतींतच तिचें उत्तर होतें. गर्डरचीं टोंकें जाड भिंतींत गाडलेलीं असत; फरशा खालच्या पट्टीवर टेकवून वर चुना, विटांचे तुकडे आणि मुरूम ठांसून भरला, म्हणजे उभा पडदा व वरची पट्टी दोन्हीकडून जखडली जाई. फरशांऐवजीं जेथें गर्डरांमध्यें विटांच्या लहान कमानी घालीत, तेथें कमानींच्या रेट्यानें गर्डर फांकूं नयेत म्हणून त्यांतून लोखंडी गज आरपार ओवून आंवळीत. अशा घरांत गर्डर एकटा कधींच नसतो. परंतु तेंच छत दुरुस्तीसाठीं उकलूं लागलों, म्हणजे प्रसंग बदलतो. भरणा काढला, फरशा उचलल्या, आणि मजूर उघड्या गर्डरवर उभे राहून काढलेल्या फरशा त्यावरच रचूं लागले, तर ऐंशी वर्षे ज्याच्या जिवावर तो सरळ राहिला, तो सोबती नाहींसा झालेला असतो. म्हणून उकलण्याच्या आधीं खालून टेकू द्यावे, आणि काढलेला माल ताबडतोब खालीं उतरावा. जुना गर्डर विकत घेऊन नव्या ठिकाणीं टाकणारानेंही हें विसरूं नये. “यानें आमच्या आजोबांचें घर पेललें” हा दाखला तो गर्डर जखडलेला असतांनाचा आहे.

चिखलीस रेल्वे नाहीं. तेथील माणसाला गाडीसाठीं मलकापूर, खामगांव किंवा जालना गांठावें लागतें. त्या प्रवासांत एखाद्या ओढ्यावरील पोलादी तुळयांचा पूल दिसला, तर खालून निरखून पाहावा. दोन मोठ्या तुळयांच्या मध्यें ठरावीक अंतरानें घातलेल्या पोलादी फुल्या दिसतील. कांहीं पुलांत गाडी दोन तुळयांच्या मधून जाते. तेथें वरच्या पट्ट्या एकमेकींस जोडतां येत नाहींत, नाहींतर गाडीच अडेल. मग तळच्या आडव्या तुळयांपासून वरच्या पट्टीपर्यंत उभ्या त्रिकोणी टेकण्या बसवितात, आणि पाटावर बसलेल्या माणसाला दोन हातांनीं कुशींतून धरावें तशी ती चौकट वरच्या पट्टीला धरून ठेवते.

आजवर आपण वरची पट्टी दाबली जाते, असें धरून चाललों. पण हा नियम सर्वत्र लागू नाहीं. भिंतीबाहेर काढलेल्या सज्जाची तुळई घ्या. तिचें मोकळें टोंक खालीं झुकतें; त्यामुळें तिची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. तेथें वरच्या पट्टीला छतानें कितीही घट्ट धरलें, तरी धोका खालच्या पट्टीचा असतो. कॅनडांतील बर्नाबी शहरीं २३ एप्रिल १९८८ रोजीं एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्याच दिवशीं, वर मोटारी उभ्या असलेलें छत कोसळलें. त्या छताची तुळई खांबाच्या डोक्यावरून पुढें काढलेली होती, आणि खांबाजवळ दाबाखालीं आलेल्या तिच्या खालच्या पट्टीला बाजूनें धरणारें कांहीं नव्हतें. शिवाय ती तुळई भाराच्या मानानें लहानही होती. छतानें आधीं आवाज दिल्यामुळें लोकांना बाहेर काढतां आलें आणि मृत्यु टळले. आपल्याकडील पत्र्याच्या छपरांवर उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी वारा येतो, तेव्हां असाच उलटा प्रकार होतो. वारा छपराला वर ओढतो, तुळया उलट्या दिशेनें वांकतात, आणि इतके दिवस ताणाखालीं निवांत असलेली खालची पट्टी क्षणांत दाबाखालीं येते. म्हणून शहाणा रचनाकार खालच्या पट्टीपासून वरच्या वांशांपर्यंत तिरके लहान अँगल जोडतो.

सर्वांत नाजूक काळ मात्र इमारत पुरी होण्यापूर्वींचा. पुरी झालेली गच्ची तुळईला घट्ट धरते. पण काँक्रीट ओलें असतां तें भार देतें, आधार देत नाहीं. १० ऑक्टोबर २००२ रोजीं अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील मार्सी येथें पायीं जाणाऱ्यांसाठीं एक पूल बांधला जात होता. त्याची तुळई वरून उघड्या पन्हळीसारखी होती, आणि तिचें उघडें तोंड पुरेशा तिरक्या पट्ट्यांनीं बांधलेलें नव्हतें. वर काँक्रीट ओततां ओततां ती सगळी पिळली जाऊन कुशीला वळली. एक कामगार मेला व नऊ जखमी झाले. थोडे दिवस निघाले असते, तर तेंच काँक्रीट घट्ट होऊन तिचा आधार बनलें असतें.

यावर उपाय म्हणून जाड तुळया वापराव्या काय? वापरतां येतात, पण खर्च वाढतो. पोकळ चौकोनी नळीसारखी तुळई हा दुसरा मार्ग आहे. बंद आकाराला पीळ सहजासहजीं पडत नाहीं, म्हणून ती कुशीला वळण्याचें भय फारच थोडें. पण नेहमींच्या कामांत जागोजागीं योग्य आधार देणें हाच स्वस्त व शहाणपणाचा मार्ग ठरला आहे. आपल्या देशांत पोलादी बांधकामाचें भारतीय मानक क्रमांक ८०० प्रथम १९५६ मध्यें निघालें, आणि २००७ मध्यें तें नव्या पद्धतीनें पुन्हां लिहिलें गेलें. त्यांत या आधारांचे नियम स्पष्ट आहेत. नियम करणारांनीं आपलें काम केलें आहे. प्रश्न आहे तो तुमच्याआमच्या घरांतील आणि गोदामांतील करवतीचा.

म्हणून घरधन्यांस आणि व्यापारी बंधूंस माझी एवढीच विनंती आहे. छताखालीं दिसणारा एखादा लहान तुकडा तुम्हांस निरर्थक वाटला, तर तो कापण्यापूर्वीं जाणत्या अभियंत्यास बोलावून विचारा, “यानें काय उचललें आहे?” असें नव्हे, तर “यानें कोणाला धरलें आहे?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा “कांहीं नाहीं” असेंच येईल. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या छताखालीं वावरणाऱ्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.